रेड डेझर्टमधील प्रॉन्गहॉर्नची शिकार : सोडतीपासून तपासणी नाक्यापर्यंत

डेन्व्हरहून लॅरमीमार्गे, अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील रेड डेझर्ट या ओसाड माळाजवळच्या रॉलिन्स गावाला पोहोचायला मोटारीने साधारण चार तास लागतात, परंतु या शिकारीची तयारी त्याच्या कित्येक महिने आधी, वायोमिंगच्या गेम अँड फिश (वन्यजीव व मासे) खात्याच्या परवाना-सोडतीपासून सुरू होते. परराज्यातील शिकाऱ्यांना प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या प्राण्यासाठी जूनच्या आरंभापर्यंत अर्ज करावा लागतो. त्यांच्या वाट्याचे ७५ टक्के परवाने साठवलेल्या प्राधान्य गुणांवर आणि उरलेले २५ टक्के निव्वळ नशिबावर दिले जातात. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधील पुष्कळ प्रॉन्गहॉर्न दगावले आणि परवाने घटवावे लागले, त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबू नये. परवाना सहज मिळतो म्हणून एखादा विभाग निवडणे तर मला मुळीच शहाणपणाचे वाटत नाही, कारण अशा विभागांत बहुधा जमीन खासगी असते आणि परवाना खिशात असूनही पाय ठेवायला जागा नसते.

१ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. आपल्यापैकी जे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना अमेरिकी कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. मुदतीतला शिकार परवाना हा त्या बंदीच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. तो हाती येईपर्यंत मित्राची रायफल सरावापुरतीसुद्धा उचलू नये.

खरा वेळ नकाशाला द्यावा. १८६० च्या दशकात सरकारने युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे बहाल केले. आजही इंटरस्टेट ८० च्या दुतर्फा सार्वजनिक आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी पसरलेली आहे. जागेवर कुंपण असेलच असे नाही, त्यामुळे मालकी दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. तिथे तोच आपला सातबारा. खासगी जमिनीला पाय न लावता कोपऱ्यावरून एका सार्वजनिक तुकड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्यांच्या बाजूने दहाव्या सर्किटच्या (वायोमिंग ज्याच्या कक्षेत येते त्या) संघीय अपील न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिला. तरीही फोनचे जीपीएस काही मीटरने चुकू शकते, म्हणून मोजणीची धातूची खूण डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोपरा ओलांडू नये. आम्ही पटाच्या उत्तरेला, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय सरकारी खात्याच्या सलग सार्वजनिक जमिनीवर तळ ठोकला. राज्याच्या मालकीच्या तुकड्यांवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मोकळ्या माळावर प्रॉन्गहॉर्नची नजर फार लांबवर पोहोचते आणि उत्तर अमेरिकेत त्याच्याइतका वेगवान दुसरा भूचर प्राणी नाही, त्यामुळे पाठलागाचा विचारच सोडावा. सकाळी उंचवट्यावर बसून दुर्बिणीने कळप हेरावेत, मधली घळ शोधावी आणि वाऱ्याच्या उलट दिशेने तिच्यातून जावे. गालावर काळा डाग असलेला एक नर दिसल्यावर आम्ही घळ संपली तिथून सेजब्रशच्या आडोशाने रांगत गेलो. ही झुडपे जेमतेम गुडघाभर असली तरी पोटावर झोपून नेम धरायला आड येतात, आणि त्यांच्या बुडाशी फड्या निवडुंग दबा धरून असतो. गुडघ्यांना जाड पट्टे, हातांत चामडी मोजे आणि बसून वापरता येईल असा रायफलचा टेकू या तीन वस्तू जवळ हव्यातच. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र कायद्याने आवश्यक आहे. जोराचा वारा असेल तर दोनशे यार्डांपलीकडे गोळी झाडण्याचा मोह आवरावा.

सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन तापते आणि प्रॉन्गहॉर्नचे दाट केस उष्णता धरून ठेवतात. या मांसाला उग्र वास येतो ही तक्रार बहुतेक वेळा उशिरा सोललेल्या जनावराची असते. परवान्याची चिठ्ठी तारीख टाकून जनावराला लावल्यावर लगेच आतडी काढावीत, कातडी सोलावी आणि मांस सुती पिशव्यांत भरून बर्फाच्या पेटीत ठेवावे, पण वितळलेल्या पाण्यात ते भिजू देऊ नये. बर्फ रॉलिन्समध्येच पुरेसा घ्यावा. पाऊस झाला तर मातीचे रस्ते इतके निसरडे होतात की ते सुकेपर्यंत गाडी हलवता येत नाही, म्हणून बर्फ, पाणी आणि पेट्रोल वाढीवच असावे. परतीच्या वाटेवर खात्याचा तपासणी नाका लागल्यास, शिकार मिळालेली असो वा नसो, तिथे थांबणे बंधनकारक आहे.