जॉर्जिया कोणाच्या बाजूला आहे?

मे महिन्यात आमच्या टूर ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते. 2025च्या मेमध्येही नव्हती, पण फोन सगळे सहली रद्द करणाऱ्यांचे. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात गेलेल्या 26 जणांपैकी तिघे आमच्या डोंबिवलीचे. काश्मीरचे ग्रुप मोडणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते फोन दबक्या आवाजात यायचे. "मुलं नको म्हणतायत हो." भ्यालेल्या माणसाशी बोलता येतं.

10 मेच्या भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीनंतरचे फोन चढ्या आवाजातले. पाकिस्तानने तुर्की बनावटीची ड्रोन सोडल्याचं जाहीर झालं होतं. पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली. 15 मेला तर आपल्या विमानतळांवर काम करणाऱ्या एका तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरीच सरकारने काढली. नेमकं त्याच दिवशी आम्हाला जूनच्या तुर्की ग्रुपची नावं हॉटेलांना कळवायची होती.

रद्द केलं की पैसे परत, असं लोकांना वाटतं. ग्रुप तिकिटांचं डिपॉझिट एअरलाइनकडे, कॅपाडोकियातल्या गोरेमे गावच्या गुहा-हॉटेलांचे पैसे तिथल्या एजंटकडे, स्टिकर व्हिसाची फी अर्ज टाकला तेव्हाच गेलेली. तिथला पर्यटकांचा बलून वाऱ्यामुळे उडाला नाही तर पैसे मिळतात, प्रवासी रागावला म्हणून नाही. त्यात सरकारने प्रवासबंदी घातलेली नव्हती. मग विमा कंपनीला आणि हॉटेलला कारण काय सांगायचं?

आमच्या साहेबांनी सकाळीच तिरंग्यासकट स्टेटस टाकलं : तुर्कीची बुकिंग बंद. जूनच्या सीटा केव्हाच विकून झाल्या होत्या, बंद काय करणार? दुपारभर तेच साहेब इस्तंबूलच्या एजंटला "माय फ्रेंड, माय फ्रेंड" करत होते.

तो ग्रुप एका सोसायटीतल्या भिशीच्या बायकांचा. एकेक फोन यायचा, आधी देशावर पाच मिनिटं आणि मग रिफंड किती. संध्याकाळपर्यंत एकच नाव उरलं, त्यातल्या निवृत्त शिक्षिका काकूंचं. त्या ऑफिसात आल्या.

"तिथे आपल्याला काही करतात का हो?"

"तसं काही कानावर नाही, काकू."

"मला तिथली भीती नाहीच. इथे लिफ्टमध्ये काय तोंड दाखवू?" मग थोडं थांबून, "फोटो टाकले नाहीत तर?"

मला हसू आलं नाही. हल्ल्यात गेलेल्यांपैकी एकाच्या घरच्यांना त्या ओळखत होत्या. राग त्यांनाही होताच. पण वर्षानुवर्षं पेन्शनमधून साठवलेले पैसे होते, आणि आपण गेल्याने अंकारातल्या तुर्की सरकारला काय फरक पडतो हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नाही. तरी तिघांच्या अंत्यदर्शनाला गर्दीत मीही उभा होतो, आणि त्या दिवशी कोणी तुर्की विकायला सांगितलं असतं तर जमलं नसतं.

रात्री काकूंचा फोन आला. "जॉर्जिया बघा ना. जॉर्जिया कोणाच्या बाजूला आहे?"

या प्रश्नाला आमच्या ब्रोशरमध्ये रकाना नाही. पाकिस्तानच्या बाजूचा म्हणून अझरबैजानवरही लोकांची फुली पडली होती, म्हणजे जॉर्जियाशेजारची त्याची राजधानी बाकूही गेली. शेवटी सगळ्या जणी दिवाळीनंतर व्हिएतनामला गेल्या. तुर्कीचे जेवढे सुटले तेवढे पैसे तिकडे वळवले, बाकीचे बुडाले.

जानेवारी 2024मध्ये मालदीववरही लोकांची अशीच फुली पडली होती. जुलै 2025मध्ये पंतप्रधान तिथल्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून गेले आणि आमच्याकडे मालदीवची चौकशी पुन्हा सुरू झाली. त्यामुळे व्हिएतनामहून आल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "तुर्कीचं आता कसं आहे?" तेव्हा मी दर सांगितला. त्या म्हणाल्या, "दराचं नाही विचारत."