गवत कापण्याऐवजी लोळवणारा स्लॅशर

पावसाळा ओसरत असताना मोर्शी तालुक्यातील एका संत्रा बागायतदारांचा निरोप आला की, गेल्या हंगामात घेतलेला ट्रॅक्टरचा स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचे फिरत्या पात्यांचे गवत कापणी यंत्र, गवत कापतच नाही, नुसते लोळवतो आणि वर ट्रॅक्टरलाही दम लागतो. अवजारांची दुरुस्ती करणे आणि ती चालवणाऱ्यांना शिकवणे हे माझे काम असल्याने अशा तक्रारी मला नव्या नाहीत. तरीही त्या बागेतील दिवस मी प्रत्येक नव्या चालकाला सविस्तर सांगतो, कारण कापणी बिघडवणारी आणि चालकाच्या जिवावर बेतणारी कारणे बहुतेक वेळा एकच असतात, हे त्या एका यंत्रात मला स्पष्ट दिसले.

संत्र्याच्या बागेत स्लॅशर वापरणे हा उत्तम निर्णय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. नागपुरी संत्र्याची अन्न शोषणारी तंतुमुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटर किंवा खोल वखरणी त्यांना तोडते आणि भारी काळ्या जमिनीत त्या जखमांमधून फायटोप्थोरा बुरशी आत शिरून मूळकूज व डिंक्या हे रोग बळावतात. त्याऐवजी दोन ओळींमधील गवत जमिनीपासून थोडे वर कापून तिथेच कुजू दिले, तर मुळांना धक्का लागत नाही, ओल टिकते आणि उतारावरची मातीही वाहून जात नाही. बागायतदारांनी हे नीट समजून यंत्र घेतले होते, म्हणूनच त्यांची निराशा मला अधिक लागली.

यंत्र चार फुटी होते आणि मिनी ट्रॅक्टरला जोडलेले होते. ते काम कसे करते हे पाहण्यासाठी मी लांब धुऱ्यावर उभा राहिलो आणि बाकीच्यांनाही तिथेच थांबवले. चालक उत्साही तरुण होता, पण डिझेल वाचावे म्हणून त्याने इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवल्या होत्या आणि काम लवकर आटोपावे म्हणून गिअर मात्र वरचा टाकला होता. गुडघाभर गवतात दहा-बारा झाडांचे अंतर जाते न जाते तोच यंत्राखाली ओल्या गवताचा बोळा बसला. त्याने पीटीओचा, म्हणजे इंजिनाचा जोर अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याचा, खटका ओढून तो बंद केला, लिफ्टने यंत्र उचलले, खाली उडी मारली आणि बोळा ओढून काढण्यासाठी तो थेट वाकला.

मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. पीटीओ बंद झाला होता, पण पाती अजून फिरत होती. ट्रॅक्टरचे इंजिन सुरूच असल्याने त्या आवाजात पात्यांची सळसळ त्याला ऐकू आलेली नव्हती आणि वेगामुळे ती डोळ्यांनाही दिसत नव्हती. आम्ही दोघे बाजूला उभे राहून ती थांबण्याची वाट पाहत राहिलो, आणि तो काळ त्याला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्या गिअरबॉक्समधून वाढून पात्यांपर्यंत हजाराच्या आसपास होतात. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 1.2 मीटर धरला, तर टोकाचा वेग सेकंदाला 60 मीटरच्या पुढे, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जातो. शिवाय पाती जाड पोलादाची आणि त्यांची चकतीही जड, त्यामुळे जोर काढून घेतला तरी त्यांच्यात साठलेली गती लगेच संपत नाही. हे आकडे ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

पाती थांबल्यावर इंजिन बंद करून चावी मी स्वतःच्या खिशात ठेवली. यंत्र केवळ लिफ्टवर अधांतरी असताना त्याखाली हात घालायचा नसतो, कारण लिफ्टमधला एखादा सील गेला किंवा कोणाचा हात तिच्या दांड्याला लागला तरी सगळे वजन खाली येते. म्हणून चारही कोपऱ्यांखाली लाकडी ओंडके लावून घेतले आणि मगच मी तपासणी सुरू केली.

समोरच्या आणि मागच्या कडेला लोंबणाऱ्या साखळ्या काढून टाकलेल्या होत्या. त्यांत गवत अडकते, असे कारण मला सांगण्यात आले. पात्याखाली आलेला खडा किंवा तारेचा तुकडा बाहेर फेकला जाऊ नये यासाठीच त्या साखळ्या असतात, आणि त्या नसताना फळे गोळा करणाऱ्या बायका त्याच बागेत काम करत असत, हे ऐकून मला खरोखर राग आला. पीटीओ शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण फुटून गेले होते. सेकंदाला 9 वेळा फिरणाऱ्या उघड्या शाफ्टजवळ चालक गळ्यात दुपट्टा घालून वावरत होता. त्याचे एक टोक गुंडाळले गेले असते तर मान सोडवायला सवडच मिळाली नसती. दोन पात्यांपैकी एक गंजून आपल्या बोल्टवर घट्ट बसले होते, त्यामुळे दगड किंवा खुंट लागल्यावर ते मागे वळू शकत नव्हते आणि प्रत्येक धक्का थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत होता. तो धक्का वाटेतच थांबावा म्हणून शाफ्टवर मऊ लोखंडाचा शिअर बोल्ट असतो. तो सारखा तुटतो म्हणून त्याच्या जागी कोणीतरी डोक्यावर 8.8 असा शिक्का असलेला कडक बोल्ट बसवला होता. तुटण्यासाठीच ठेवलेला भाग तुटेनासा झाला की मग गिअरचे दाते किंवा शाफ्ट तुटतो, आणि तो कुठे व कोणावर जाईल हे कोणाच्या हातात राहत नाही.

गवत का लोळत होते आणि ट्रॅक्टरला दम का लागत होता, तेही इथेच उलगडले. कमी फेऱ्या आणि वरचा गिअर यामुळे पाती गवत नीट कापण्याआधीच यंत्र त्यावरून पुढे सरकत होते. शिवाय टॉप लिंक, म्हणजे यंत्राला ट्रॅक्टरशी वरून जोडणारी कमी-जास्त करता येणारी दांडी, चुकीची जुळवल्याने यंत्राची मागची कड खाली आणि पुढची वर होती, त्यामुळे कापलेले गवत बाहेर न पडता आतच पुन्हा पुन्हा कापले जात होते आणि इंजिनावर ताण येत होता. मी पुढची कड मागच्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली घेतली, कापणीची उंची 8 ते 10 सेंटिमीटर ठेवली आणि यंत्र झाडांच्या बाजूला झोकांड्या खाऊ नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी आवरणाऱ्या चेक चेन ताणल्या. अडकलेले पाते मोकळे केले. दोन्ही पात्यांना सारखीच धार लावली, कारण एक हलके राहिले तर यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते. धार वस्तऱ्यासारखी पातळ न करता कड किंचित जाड ठेवली. साखळ्या अडगळीच्या खोलीत सापडल्या, त्या परत लावल्या. नवे आवरण तालुक्याच्या दुकानातून मागवले आणि ते येईपर्यंत यंत्र चालवू दिले नाही. तीन तास गेले, पण कोणी कुरकूर केली नाही.

तोवर आम्ही बागेच्या ओळी पायी फिरलो. गवतात ठिबकच्या सुटलेल्या नळ्या, कुंपणाच्या तारेचे वेटोळे आणि फांद्यांना टेकू दिलेले काही बांबू आडवे पडलेले मिळाले. उचलता न येणाऱ्या दगडांपाशी काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या.

दुपारनंतर बाग रिकामी करवून चालकाने ट्रॅक्टर सुरू केला. त्याने दुपट्टा घरी ठेवला होता. इंजिनाच्या मीटरवर पीटीओच्या 540 फेऱ्यांची जी खूण असते, तिथपर्यंत फेऱ्या आणल्या, गिअर खालचा टाकला आणि खोडांना पाते लागून साल फाटू नये म्हणून पुरेसे अंतर ठेवून तो निघाला. गवत एकाच फेरीत सारखे कापले जाऊन मागे पसरत होते. ट्रॅक्टरला दम लागला नाही, आणि तितक्याच कामाला आधी जास्त डिझेल लागत होते, हे बागायतदारांनी स्वतःहून सांगितले. एका ठिकाणी गवत पुन्हा अडकले, तेव्हा चालकाने पीटीओ सोडला, इंजिन बंद केले, चावी काढली आणि पाती थांबेपर्यंत तो जागेवरून हलला नाही.

तासभर काम झाल्यावर पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळून घेतले, कारण नव्याने बसवलेले बोल्ट सुरुवातीच्या कामात सैल होऊ शकतात. निघताना मी मऊ शिअर बोल्टांची एक पुडी त्यांच्या टूलबॉक्समध्ये ठेवली आणि तो 8.8 चा बोल्ट माझ्याबरोबर घेऊन आलो.