व्याजासकट

डबिंगचे संवाद लिहिणाऱ्याला आधी ओठ वाचता यावे लागतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ प, ब, म या अक्षरांना मिटतात. तिथे आपल्या वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर पडलं पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. क्लोजअपमध्ये तर दयामाया नसते. मी अकरा वर्षं हे काम करतोय आणि ‘ब’वर ‘ब’ बसवण्यात माझा हात धरणारे फार नाहीत, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. अर्थाबद्दल मात्र इतकं छातीठोक बोलता येईना, असं गेल्या पावसाळ्यात झालं.

परदेशी फँटसी मालिका होती. तिच्यात डोंगराच्या पोटात राहणारी एक जमात. बुटके, दाढीवाले, सोन्याचे कसबी कारागीर. राज्य गमावून परमुलखात विखुरलेले. चारचौघांत त्या मुलखाची भाषा बोलणार, आपसात स्वतःची, आणि खरं नाव परक्याला सांगणार नाहीत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टॉल्किन वाचलेल्या कुणालाही हे लोक कुठून आले ते लगेच कळेल. हल्ली प्रत्येक फँटसीवाला त्याच्याच घरातून पाट मागून आणतो.

सातव्या भागाचं रेकॉर्डिंग चालू होतं. तरुण आर्टिस्ट बूथमध्ये, एका कानात मूळ आवाज. दोन टेक झाले आणि दिग्दर्शकाने टॉकबॅकवर सांगितलं, “शेठ पकड, शेठ. मारवाडी टोन. सोनंनाणं आलं की लोकांना लगेच कळतं.”

पोराने पकडला, आणि असा पकडला की रेकॉर्डिस्टसकट सगळे हसले. मीही हसलो, मग माझं डोकं फिरलं.

इंग्रजीवाल्यांचं बरं असतं. ते या बुटक्यांना स्कॉटिश हेल देऊन मोकळे होतात. मराठीत फुकटचा हेल नाही. मालवणी दिली की लोक हसायच्या तयारीत बसतात, वऱ्हाडी दिली की गावंढळ, शेठजी दिला की लबाड. हे आमच्याच धंद्याने पन्नास वर्षं लोकांच्या कानांना शिकवलंय. वर इथे तर दुहेरी अपमान. टॉल्किनने 1955 साली लेखिका नाओमी मिचिसन यांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ म्हटलंय की आपले ड्वॉर्फ, म्हणजे हेच बुटके, त्याला ज्यूंसारखे वाटतात. जिथे राहतात तिथलेच आणि तरी परके, त्या देशाची भाषा बोलणारे, पण स्वतःच्या खासगी भाषेमुळे बोलण्यात वेगळा हेल असलेले. म्हणजे ज्यूंवरून बेतलेली जमात, तिला मारवाड्याचा आवाज, आणि दोघांना जोडणारी गोष्ट कोणती, तर पैसा.

हे सगळं मी बोललो. हॅरी पॉटरमधल्या बँक चालवणाऱ्या, वाकड्या नाकाच्या गॉब्लिनांवर किती टीका झाली तेही सांगितलं. गाय गॅव्रिएल के या फँटसी लेखकाने 1995 च्या कादंबरीत मध्ययुगीन स्पेनसारखा मुलूख उभा करून ज्यूंच्या जागी ‘किंदाथ’ नावाचे लोक आणले आणि त्यांची नायिका वैद्य केली, व्याजबट्टा नाही, हेही. दिग्दर्शकाने ऐकून घेतलं आणि चहा सांगितला. लेखक फार बोलायला लागला की आमच्याकडे चहा येतो.

मागच्या सोफ्यावर काका बसले होते. सत्तरीचे, नाटकातून आलेले, आवाज अजून खणखणीत. जमातीचा म्हातारा मुखिया तेच करत होते. आमची सात-आठ वर्षांची ओळख. पहिलं नाव बायबलातलं, आडनाव अलिबागकडच्या एका गावाला ‘कर’ लावून झालेलं. मी त्यांना ख्रिश्चन समजत होतो. शनिवारी ते कधीच तारीख देत नसत, त्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी एकच लावला होता: शनिवारी दुसरा स्टुडिओ जास्त पैसे देत असणार.

“कुठला हेल म्हणाला तुझा टॉल्किन?” त्यांनी बशीत चहा ओतत विचारलं. “आम्हाला नाही रे कुठला हेल.”

आम्हाला म्हणजे कुणाला, हे मला कळायला थोडा वेळ लागला. मग सगळे धडे आठवले: नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, सात जोडपी वाचल्याची कथा, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली. बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू.

“आजी कुलाबा जिल्ह्याची, अलिबागकडची मराठी बोलायची. तिला दुसरी भाषाच येत नव्हती,” काका म्हणाले. “नवस फेडायला मलिदा करायची. पोहे, गूळ, खोबरं. आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं नि वाटायचा. आजा तेल उधारीवर द्यायचा नि वसुलीला जायला लाजायचा. कसलं व्याज नि कसलं काय. डेव्हिडला ऐकलायस ना? ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा. चेऊलकर होता तो, आमच्यातलाच. त्याच्या बोलण्यात सापडतो का बघ टोन.”

व्याजाची भानगड युरोपातली. तिथे चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला मनाई केली, कारागिरांच्या संघांची दारं ज्यूंना बंद, जमीनही बहुतेक ठिकाणी घेता येत नसे. मग सावकारी उरली, आणि उरलेलं काम केलं म्हणून शिव्याही त्यांनाच. कोकणात यातलं काही घडलं नाही, म्हणून इथे तेली झाले. फँटसीत मात्र सोन्याला चिकटलेला बुटकाच सगळीकडे फिरतो, आमच्या स्टुडिओपर्यंत.

टॉल्किनची बाजू मी तरी घेतलीच. 1938 साली ‘हॉबिट’च्या जर्मन प्रकाशकाने त्याला आर्य आहात का असं विचारलं, तेव्हा त्याने उत्तराचा मसुदा केला की ज्यूंसारख्या गुणी लोकांतला एकही पूर्वज आपल्याला नाही याची खंत वाटते. ड्वॉर्फांची भाषाही त्याने ठरवून सेमिटिक वळणाची केली, तीन व्यंजनांच्या धातूंवर. ख-झ-द वरून खझाद म्हणजे ते लोक, खुझदुल म्हणजे त्यांची भाषा. युद्धाची आरोळी ‘बारुक खझाद’, म्हणजे खझादांच्या कुऱ्हाडी.

काकांनी बशी खाली ठेवली. “काय म्हणालास? बारुक?”

“कुऱ्हाडी.”

“आमची प्रत्येक ब्राखा, म्हणजे हिब्रूतली आशीर्वादाची प्रार्थना, ‘बारूख’नेच सुरू होते. भाकरीवर बारूख, द्राक्षरसावर बारूख. धन्य, असा अर्थ.” आणि ते इतके हसले की रेकॉर्डिस्ट काच ठोठवायला लागला.

दिग्दर्शकाने टोन शेवटी काढला. माझ्या भाषणाने नाही. शेठजीच्या हेलात शेवटचा स्वर लांबतो, वाक्य संपतं तेव्हा पडद्यावरचं तोंड बंद झालेलं असतं. रेकॉर्डिस्टने तीनदा “सिंक जातोय” सांगितलं आणि विषय संपला. पोराने साध्या मराठीत वाक्यं म्हटली, चांगली म्हटली. मी मात्र लढाई जिंकल्यासारखा घरी गेलो.

रात्री आधीच्या भागांची स्क्रिप्ट उघडली. आमच्या शीटमध्ये रकाने असतात: टाइमकोड, इंग्रजी, हिंदी, मराठी. घाईत बहुतेक मराठी लेखक हिंदीवरूनच लिहितात, मीही लिहितो. दोन दिवसांत एक भाग मागणाऱ्यांनी याहून वेगळी अपेक्षा करू नये. मी शीटमध्ये ‘व्याज’ शोधलं. दुसऱ्या भागात सापडलं, मुखियाच्या तोंडी, गमावलेल्या राज्याबद्दल, पूर्ण क्लोजअप. माझं वाक्य: “व्याजासकट हिशोब मागू.”

हिंदीच्या रकान्यात ब्याज नव्हतं. इंग्रजीत होतं ‘व्हॉट वॉज अवर्स, वी रिमेंबर’. जे आमचं होतं ते आम्हाला आठवतं, एवढंच. ‘व्हॉट’च्या गोल ओठांवर ‘व्या’, ‘रिमेंबर’मध्ये ओठ दोनदा मिटतात तिथे हिशोबातला ‘ब’ आणि मागूतला ‘म’. इतकं चपखल बसलं होतं की तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन कुणाला तरी ते फोनवर ऐकवलंही होतं. ‘वाडवडिलांचं आम्ही जपलंय’ हेही बसलं असतं. आता दोन मिनिटांत सुचलं. दाढी, सोनं, गेलेलं राज्य एवढं दिसल्यावर हात आपोआप व्याजाकडे गेला, आणि त्या बिचाऱ्या पोराला मी टोनवरून शिकवत होतो.

दुसऱ्या भागाचं मिक्स होऊन महिना झाला होता, वाहिनीकडे गेलेलं. एका वाक्यासाठी ते परत कुणी उघडत नाही. विचारून पाहिलं, उघडलं नाही.

आणि मुखिया म्हणजे काका. ते वाक्य त्यांनीच म्हटलंय, एका टेकमध्ये. मी काचेच्या अलीकडे बसून अंगठा दाखवला होता. पुढच्या आठवड्यात व्हाउचरवर सही करताना गाठ पडली, तेव्हा विचारलं, तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत?

“तू लिहिलं होतंस,” ते पेन शोधत म्हणाले. “ओठ बसत होते.”