स्टेडियमच्या खाली

१६ जुलै १९८८. तोक्योच्या मधोमध पांढऱ्या उजेडाचा एक गोळा फुगू लागतो आणि इमारती, रस्ते, उड्डाणपूल गिळत पडद्याच्या कडेपर्यंत येतो. स्फोटाचा आवाजच नाही. कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘आकिरा’ असा सुरू होतो. हा चित्रपट जपानात प्रदर्शित झाला तोही त्याच दिवशी. म्हणजे पहिल्या खेळाला बसलेल्या तोक्योकरांनी त्या दिवसाच्याच तारखेला आपलं शहर पुसलं जाताना पाहिलं. हे कळल्यावर मी ती सुरुवात पुन्हा लावून पाहिली.

डोरेमॉन आणि शिनचॅनपलीकडे मला अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, ठाऊक नव्हतं. तोक्योत नोकरीला आल्यावर ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आग्रह केला, म्हणून हा पाहिला.

कथा २०१९ सालची. स्फोटाला ३१ वर्षं झालीत आणि तोक्योच्या उपसागरात भराव घालून निओ-तोक्यो उभं राहिलंय. वर निऑनचे दिवे, खाली मोर्चे, अश्रुधूर, स्वतःची तुंबडी भरणारे पुढारी, आणि रात्री मोटरसायकलींवरून एकमेकांना भिडणाऱ्या पोरांच्या टोळ्या. कानेदा एका टोळीचा म्होरक्या. तेत्सुओ त्याचा बालमित्र, सगळ्यांत दुबळा. अपघातानंतर लष्कर तेत्सुओला उचलून नेतं, त्याच्यावर प्रयोग करतं, आणि नुसत्या मनाच्या जोरावर काहीही उद्ध्वस्त करायची ताकद त्याच्यात जागी होते. ज्याला जन्मभर दुसऱ्याने वाचवलं, त्याच्या हाती एकदम हे बळ येतं. त्याचा राग पाहताना मला भीतीपेक्षा कणव जास्त वाटली.

हे जवळजवळ सगळं हाताने काढलेलं आहे. १ लाख ६० हजारांहून अधिक सेल्स, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेली चित्रं! संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठांच्या हालचाली काढल्या. तेव्हा जपानात असं सहसा करत नसत. वेगात वळणाऱ्या बाइकच्या मागे लाल दिव्याची रेघ हवेत रेंगाळते, तिथे तर मी श्वास रोखून बसलो होतो. आणि संगीत! गेइनोह यामाशिरोगुमी या समूहाने बाली बेटावरची गॅमेलान वाद्यं आणि जपानी नोह नाटकातलं गायन एकत्र आणलंय. भविष्यातल्या शहराला इतके जुने, विधीसारखे सूर लावायचं कुणाला सुचलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

उत्तरार्ध मात्र घाईत उरकल्यासारखा वाटतो. ओतोमोंची मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, सहा जाडजूड खंडांची, आणि चित्रपट आला तेव्हा ती पूर्णही झाली नव्हती; ती संपली १९९० मध्ये. काओरी या तेत्सुओच्या मैत्रिणीच्या वाट्याला तर फक्त सोसणं आलंय, ते मला खटकलं.

पण मनात घर करून बसलं ते स्टेडियम. निओ-तोक्योत २०२० चं ऑलिंपिक व्हायचंय, आणि ज्या आकिरा नावाच्या मुलाच्या अशाच ताकदीने जुनं तोक्यो पुसलं गेलं आणि ज्याच्या नावाने सगळे चळाचळा कापतात त्याला त्याच बांधकामाखाली गोठवून पुरून ठेवलंय. एका फलकावर लिहिलंय: ऑलिंपिकला १४७ दिवस बाकी. त्याखाली कुणीतरी खरडलंय की रद्द करा. खरं तोक्यो ऑलिंपिकही २०२० चंच होतं, आणि त्या मार्चमध्ये ते पुढे ढकललं गेलं. योगायोगच तो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते शहराची राख खाली दाबून वर उत्सवाचा मांडव घालणं. ते ओतोमोंनी हवेतून आणलेलं नाही. १९२३ च्या भूकंपाचा राडारोडा तोयोसूच्या भरावात गेला; आज तिथे उंच टॉवर आहेत. १० मार्च १९४५ च्या रात्री बॉम्बवर्षावात शहराचा पूर्व भाग जळाला, सुमारे एक लाख माणसं गेली. आज तिथून फिरताना त्यातलं काही दिसत नाही.

चित्रपटानंतरच्या एका रविवारी मी युमेनोशिमाला गेलो. उपसागरातली ही भरावाची जागा, १९५७ ते १९६७ या काळात इथे शहराचा कचरा टाकत. आता तिथे झाडीचं उद्यान आहे आणि त्यात एका इमारतीत लाकडी मासेमारी बोट ठेवलीय: दाइगो फुकुर्‍यू मारू. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटाजवळ अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा तिची राख या बोटीवरच्या २३ खलाशांवर पडली. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. बोट पुढे भंगारात निघाली आणि याच कचऱ्यात पडून राहिली. सामान्य नागरिकांनी मोहीम उभारून ती वाचवली आणि १९७६ मध्ये हे दालन उघडलं. २०२१ मध्ये अखेर ऑलिंपिक झालं, तेव्हा तिरंदाजीच्या स्पर्धा याच उद्यानात झाल्या.

तुमच्यापैकी कुणी तोक्योला येणार असेल तर ‘आकिरा’ मूळ जपानी आवाजात, सबटायटल लावून, जमेल तितक्या मोठ्या पडद्यावर पाहून या. लहान मुलांना सोबत बसवू नका, त्यात रक्तपात बराच आहे. मग शिन-किबा स्टेशनवर उतरा. तिथून चालत जाता येतं आणि दालनाला तिकीट नाही.