ठाणे ते हरिहरेश्वर: पहिले साठ मीटर, पावणेपाच तास

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीपासून हरिहरेश्वर साधारण दोनशे किलोमीटर. त्यातले पहिले साठ मीटर, म्हणजे बेसमेंट पी-२ मधल्या आमच्या जागेपासून रॅम्पच्या तोंडापर्यंतचे, पार करायला आम्हाला पावणेपाच तास लागले. पुढचा रस्ता कसा आहे ते दुसऱ्या कुणालाही विचारा, सगळे सांगतील. मी या साठ मीटरचंच सांगणार आहे.

गाडी चार महिन्यांची. मीटरवर १,८४० किलोमीटर. पेट्रोल, ऑटोमॅटिक. डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समन म्हणाला होता, "सर, बॅटरीकडे तीन वर्षं बघायचंच नाही." नाही बघितलं.

शनिवारी पहाटे पाच. आई, ही, मुलगी, दोन बॅगा, पिण्याच्या पाण्याचा कॅन. गाडी अनलॉक केली तर आरसे अर्धे उघडले आणि तिथेच थांबले. तेव्हाच कळायला हवं होतं. मी बसलो, बटण दाबलं. टकटकटकटक. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, थरथरले, विझले. मग मी तेच केलं जे प्रत्येक जण करतो: पाच-सहा वेळा पुन्हा बटण दाबलं. हे करू नका. पहिल्याच टकटकीला थांबलो असतो तर निदान डिकी उघडली असती. आमची डिकी इलेक्ट्रिक बटणावर, ती बंदच राहिली. पुढे सामान मागच्या सीटवरून ढकलून भरावं लागलं आणि आई कॅन मांडीवर घेऊन बसली.

पाच वीसला कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन. वर्षभर फुकट आहे म्हणून डिलिव्हरीच्या वेळी फार कौतुक झालेली सोय. पी-२ मध्ये रेंज नाही. फोन करायला रॅम्प चढून वर यायचं, ते चेसिस नंबर विचारणार, तो बघायला खाली जायचं, पुन्हा वर यायचं, तोवर फोन कट झालेला, मग सगळी माहिती पहिल्यापासून. ओटीपी आला तो मी खाली असताना, म्हणजे आलाच नाही. तिसऱ्या फेरीत तक्रार नोंदली गेली: "नव्वद मिनिटांत टेक्निशियन पोहोचेल." साडेसहाला विचारलं तर भिवंडीहून निघालाय. सव्वासातला विचारलं, तरी भिवंडीहूनच निघालाय. आमच्यापुरता तो अजूनही भिवंडीहून निघालेलाच आहे. आरसीचा आणि चेसिस नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि फोन वर उभं राहूनच करा. फुकटच्या सोयीवर प्रवासाची वेळ बेतू नका.

मधल्या वेळात चौथ्या मजल्यावरचे काका मॉर्निंग वॉकला निघालेले भेटले. त्यांच्याकडे व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर होता, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची जंपर केबल होती आणि मुख्य म्हणजे उत्साह होता. बॅटरीवर मीटर लावला: ११.२ व्होल्ट. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. बाराच्या खाली गेली की हलाखी. ११.२ म्हणजे काही उरलेलंच नाही. काका मीटरकडे बघून म्हणाले, "अरे, ही झोपली नाही, गेलीय."

आता या प्रकरणातला सगळ्यात वाईट टप्पा. आपण सगळे बेसमेंटमध्ये गाडी तोंड भिंतीकडे करून लावतो, कारण सरळ आत शिरायला सोपं पडतं. बॉनेट भिंतीकडे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गाड्या, वर पाण्याचा पाइप. मदतीची गाडी आणायची कुठून? काकांची केबल जेमतेम दोन मीटरची, ती त्यांच्या बॉनेटपासून माझ्या डिकीपर्यंत आली. म्हणजे गाडी मागे ढकलणं आलं. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये, अडकलेली, आणि करंट नसल्यावर लिव्हर हलत नाही. ढकलून स्टार्ट करण्याचा तर प्रश्नच नाही, ते मॅन्युअलवाल्यांचं भाग्य. पाऊण तास आम्ही मॅन्युअल पुस्तिका मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचली. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं, ते उचकटून आत स्क्रू ड्रायव्हर दाबून धरला आणि ब्रेकवर पाय ठेवला की लिव्हर न्यूट्रलला येतो. आमचं झाकण नखाने निघेना. मुलीने तिच्या कंपासमधला करकटक काढून दिला. निघालं. माझा हँडब्रेक तरी साधा ओढायचा आहे. बटणवाला इलेक्ट्रिक असता तर तोही सुटला नसता, गाडी दगड झाली असती. आणि उचलून नेणारी फ्लॅटबेड आमच्या बेसमेंटमध्ये शिरणं शक्य नाही, रॅम्पच्या तोंडाला २.१ मीटर उंचीची दांडी आहे.

सिक्युरिटीचे दोन मामा, काका आणि मी. ढकलली. काकांची गाडी समोर आणली, केबल लावली. टकटकटक. दहा मिनिटं त्यांचं इंजिन चालू ठेवून पुन्हा. टकटक. केबलला हात लावला तर गरम. काकांनी ती रस्त्यावरून साडेतीनशेला घेतली होती. कात्रीने टोक कापून बघितलं तेव्हा बोटाएवढ्या जाड प्लॅस्टिकच्या आत तांब्याचे केस निघाले, तेही मोजके. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला शंभर-दीडशे अँपिअर सहज लागतात, ते यातून जाणार कसे? केबल घेताना जाडी प्लॅस्टिकची नाही, आतल्या तारेची बघा.

लाल-काळं कसं लावायचं ते तुम्हाला येतं असं धरतो. एकच सांगतो: शेवटचा काळा चिमटा बंद बॅटरीच्या टर्मिनलला नको, इंजिनच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी नेमकी शेवटच्या चिमट्याला पडते.

सव्वासातला हिने नेटवर शोधलं. 'जंपस्टार्ट फक्त २९९'. माणूस पावणेनऊला आला, पाठीवर सॅक, सॅकमध्ये विटेएवढा जंप पॅक, म्हणजे गाडी चालू करून देणारी फिरती बॅटरी. लावला, बटण दाबलं, गाडी चालू. चाळीस सेकंद. मी त्याला मिठी मारणार होतो, तेवढ्यात त्याने हिशोब सांगितला. व्हिजिट ५००, जंपस्टार्ट ७९९, बेसमेंट चार्ज ३००, अर्ली मॉर्निंग ४००. एकूण १,९९९. "२९९ कशाचे?" "ते इन्स्पेक्शनचे, साहेब." पावणेनऊला कसली अर्ली मॉर्निंग, तर म्हणे फोन आठच्या आधी आला होता. बेसमेंट चार्ज का, तर म्हणे रॅम्प उतरावा लागला. रॅम्पचे पैसे! बिल्डरनेसुद्धा रॅम्पचे वेगळे पैसे घेतले नव्हते.

पण खरा खेळ त्याआधीच झाला होता. जंप करण्यापूर्वी त्याने बॅटरीला एक टेस्टर लावला आणि मान हलवली. "सेल गेलाय. गाडीवर आहे एक, साडेसहा हजारांत बसवून देतो, जुनी मी घेऊन जातो." चार महिन्यांची बॅटरी! मी खचलो होतो, खरं सांगतो, हो म्हणणार होतो. ही शेजारी उभी होती. म्हणाली, "दादा, अंगठा काढा बघू." टेस्टरच्या स्क्रीनवर त्याचा अंगठा होता. खाली इंग्रजीत लिहिलेलं होतं: चार्ज करून पुन्हा तपासा.

हे पक्कं लक्षात ठेवा. रिकाम्या बॅटरीची चाचणी कुठलंच यंत्र धड करू शकत नाही. आधी रात्रभर सावकाश चार्ज करायची, मग तपासायची. पहाटे बेसमेंटमध्ये "बदला" म्हणणाऱ्याकडून बॅटरी घ्यायची नाही, तो कितीही चांगला बोलला तरी. नव्या गाडीच्या बॅटरीला वॉरंटी असते, आणि जुनी त्याच्या सॅकमधून गेली की तुमच्या हातात दाखवायलाही काही राहत नाही. घासाघीस करून १,६०० दिले. ज्या दिवशी दिले त्या दिवशी मला ते स्वस्त वाटले. आज वाटत नाहीत.

पावणेदहाला निघालो. इंजिन आता बंद करायचं नाही, एसी कमी, सिग्नलला आपोआप इंजिन बंद होण्याचं बटण ऑफ. आणि टाकीत पाव टाकी पेट्रोल, कारण रात्री भरायचं राहून गेलं. माजिवडा, कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रोड. तुर्भ्याच्या आसपास पंपावर शिरलो. पोरगा पाइप हातात घेऊन म्हणाला, "इंजिन बंद करा." मी त्याला सगळी कथा सांगू लागलो. तो मागच्या रांगेकडे बघून म्हणाला, "काका, बंद करा." बरोबरच आहे त्याचं. बंद केलं. दोन हजारांचं पेट्रोल जाताना मी आयुष्यात इतक्या श्रद्धेने आकडे फिरताना बघितले नव्हते. बटण दाबलं. घर्र... घर्र... आणि लागली. मागून आईने "गणपती बाप्पा" म्हटलं, आम्ही "मोरया" म्हटलं, पंपावरचे दोघंही म्हणाले.

वडखळला मिसळ पाळीपाळीने खाल्ली, एक जण चालू गाडीत. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. पोहोचलो.

हरिहरेश्वरचे दोन दिवस छान गेले. समुद्र आहे, देऊळ आहे. प्रदक्षिणेची खडकातली वाट ओहोटीलाच करायची, वेळ विचारून जा. रात्री मी दहा नंबरचा पाना मालकांकडून मागून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली आणि रिमोटमधली लपलेली लोखंडी किल्ली काढून दार लॉक केलं. ती किल्ली कुठे असते आणि दारावरचं भोक कुठल्या झाकणाखाली असतं ते घरी उजेडात एकदा बघून ठेवा. तार परत जोडल्यावर घड्याळ बारावर जातं आणि काचेचं एका झटक्यात वर जाणं बंद होतं, घाबरू नका, पुस्तिकेत रीसेट दिलेलं आहे.

सोमवारी सर्व्हिस सेंटर. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. मंगळवारी टेस्ट पास, १२.६. म्हणजे साडेसहा हजार वाचले. मग उतरली कशी? चोर सापडला काचेवर: डॅशकॅम, म्हणजे समोरचं रेकॉर्ड करणारा कॅमेरा. त्यांच्याच अ‍ॅक्सेसरी काउंटरवर घेतलेला, त्यांच्याच माणसाने थेट बॅटरीच्या लाइनवर जोडलेला, पार्किंग मोडसकट, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू. "कट-ऑफ आहे सर, बॅटरी उतरू देत नाही." कट-ऑफ होता, पण ११.६ व्होल्टला ठेवलेला. म्हणजे घर रिकामं झाल्यावर कुलूप. १२.४ ला ठेवायला कट-ऑफच्या डबीवरचा एक बारीकसा स्विच सरकवायचा होता.

बंद गाडी किती करंट ओढते ते काकांबरोबर पुढच्या रविवारी मोजलं. दारं बंद, बॉनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून गाडीला बॉनेट बंद आहे असं भासवलं, चाळीस मिनिटं थांबलो, कारण आतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. डॅशकॅमशिवाय ०.०३ अँपिअर, हे ठीक. डॅशकॅमसकट ०.२९. दिवसाला जवळजवळ सात अँपिअर-तास, आणि बॅटरी पस्तीसची. पाच दिवसांत खेळ खलास. मी नेमका आठवडाभर नागपूरला लग्नाला गेलो होतो. त्याआधीही गाडी फिरायची ती घर ते वसंत विहार, एसी लावून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये. एवढ्या छोट्या फेऱ्यांत स्टार्टरने घेतलेलं जेमतेम परत भरतं.

मेमरी कार्डही बघितलं. हालचाल दिसली की रेकॉर्ड, आणि बेसमेंटमध्ये प्रत्येक येणाऱ्या गाडीचे दिवे म्हणजे हालचाल. शेकडो क्लिप, सगळ्या समोरच्या भिंतीच्या. बऱ्याच क्लिपमध्ये बॉनेटवर झोपलेलं सोसायटीचं करडं मांजर. शेवटची क्लिप गुरुवारी पहाटे ३.१२ ची, मांजर उठून अंग ताणतंय, मग काळं.

सर्व्हिस सेंटर म्हणालं, बाहेरची अ‍ॅक्सेसरी, वॉरंटीत नाही. त्यांचंच बिल दाखवलं. मग मॅनेजर आले, मग चहा आला, मग वायर फुकट बदलून दिली आणि कट-ऑफ सरकवला. चार्जिंगचे पैसे घेतले नाहीत. सॉरी कुणी म्हटलं नाही.

आता पार्किंग मोड बंद. गाडी रिव्हर्सने लावतो, बॉनेट वाटेकडे. साडेचार हजारांचा जंप पॅक घेतलाय, तो उन्हात गाडीत ठेवत नाही, घरी चार्ज करून प्रवासाला बरोबर नेतो. काकांनाही जाड केबल आणून दिली. त्या २९९ वाल्याचा मात्र दर पंधरा दिवसांनी मेसेज येतो: "साहेब, बॅटरी कशी आहे?"