फुगलेली पॉवर बँक आणि तीनदा बंद झालेली तक्रार : माझा अनुभव

आमच्याकडे पावसात लाईट जाते ती तासाभरासाठी नाही. मी दापोली तालुक्यात समुद्राकडच्या गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वाडीतले विजेचे खांब माडांखाली आडवे झाले आणि 17 दिवस लाईट आली नाही. बाजारात एका दुकानदाराने जनरेटर लावला होता. फोनच्या मागे कागदाच्या चिकटपट्टीवर नाव लिहून तिथे ठेवून यायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं. सासूबाईंच्या माहेरी आम्ही सुखरूप आहोत हे कळायला चार दिवस लागले. तेव्हापासून पॉवर बँक आमच्या घरात मीठ-तेलासारखी झाली आहे.

म्हणूनच ही हकिगत सविस्तर लिहिते आहे. पॉवर बँक कोणती घ्यावी हे सगळे विचारतात. ती बिघडली तर कुठे न्यायची, हे घेताना कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

जून 2024 मध्ये ऑनलाइन सेलमध्ये 20000 एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) घेतली, 1,799 रुपयांना. नावाजलेली कंपनी, एक वर्षाची वॉरंटी. आकडा मोठा दिसला म्हणून घेतली, एवढंच कारण. माझा फोन 5000 एमएएचचा, म्हणजे चार वेळा भरेल असं धरून चालले होते. भरायचा अडीच वेळा, फार तर पावणेतीन. फसवलं असं वाटून पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, पाठीमागचं बारीक वाच. रेटेड कपॅसिटी किती लिहिली आहे?" लिहिली होती 12000. आतल्या बॅटरीच्या सेलचा विजेचा दाब 3.7 व्होल्ट, बाहेर द्यायचा 5 व्होल्ट. तो वाढवताना एमएएचचा आकडा उतरतो आणि थोडी वीज उष्णतेत जाते. खोक्यावर पुढे मोठ्या अक्षरात असतो तो आतल्या सेलचा आकडा, आपल्या हाती पडतो तो मागचा बारीक आकडा. फसवणूक नव्हती, पण दुकानात उभं राहून तुलना करायची तर मागच्या आकड्याचीच करावी.

ती पहिला पावसाळा नीट चालली. मे 2025 मध्ये, वॉरंटी संपायला महिना असताना, कपाटातून काढली आणि टेबलावर ठेवली तर सपाट बसेना. बोटाने जरा ढकललं तर भिंगरीसारखी गरकन फिरली. डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिलं तेव्हा मधोमध पोट आलेलं दिसलं, आणि कडेचा जोड एका बाजूला नखभर उघडलेला. मुलाने फोनवर लगेच बजावलं, "चार्जिंगला लावू नकोस, दाबू नकोस, टोचू नकोस आणि घरात ठेवू नकोस." ह्यांनी घमेल्यात कोरडी वाळू घातली, त्यात ती ठेवली आणि घमेलं पडवीच्या टोकाला, लाकडापासून लांब. कोणाची पॉवर बँक फुगली तर पहिलं काम हेच करा. वॉरंटीचं नंतर बघता येतं.

आता वॉरंटीचं.

कंपनीच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म होता. त्यात बिघाड निवडायचा : चार्ज होत नाही, फोन चार्ज करत नाही, केबल खराब, दिवे लागत नाहीत. फुगली आहे असा पर्यायच नव्हता. लिथियमच्या बॅटरीचा सगळ्यात धोक्याचा बिघाड, आणि तो सांगायला जागा नाही! नाइलाजाने 'चार्ज होत नाही' निवडलं आणि खाली मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे स्पष्ट लिहिलं की वस्तू फुगली आहे. मग सीरियल नंबरचा फोटो मागितला. तो काळ्या प्लास्टिकवर करड्या अक्षरांत होता आणि पावसाळाभर पर्समध्ये घासून पुसत आला होता. खोकं दिवाळीच्या साफसफाईत गेलं होतं. रात्री पडवीत बसून दुसऱ्या फोनचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे अक्षरं उठली. त्यातलं एक 8 आहे की इंग्रजी बी हे तिघांनी पाहूनही ठरेना, तेव्हा दोन्ही लिहून पाठवले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बाई सभ्य होत्या, पण त्यांच्यासमोरच्या कागदावर जे लिहिलं होतं त्यापलीकडे जायला तयार नव्हत्या. "मॅडम, पॉवर बँक चार्जिंगला लावा आणि दिवे लागत नाहीत असा व्हिडिओ पाठवा." मी म्हटलं, ती फुगली आहे, मी ती चार्जिंगला लावणार नाही. त्या म्हणाल्या, व्हिडिओशिवाय तक्रार पुढे जात नाही. मी पुन्हा तेच सांगितलं. दोन दिवसांनी मेसेज आला : ग्राहकाकडून माहिती न मिळाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

शाळेत चाळीस मुलांना रोज एकच गोष्ट दहादा सांगायची मला सवय आहे, माझा पारा सहज चढत नाही. त्या मेसेजने चढला. घरात आग लागू शकेल अशी गोष्ट कंपनी मला करायला सांगत होती, आणि मी केली नाही म्हणून दोष माझ्याकडे.

दुसरी तक्रार नोंदवली. नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. या वेळी टेबलावर ती गरकन फिरते त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला आणि तो मान्य झाला. मग म्हणाले, जवळच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. साइटवर रत्नागिरीचा पत्ता होता. फोन लागत नव्हता. मला जिल्हा परिषदेत काम होतंच, म्हणून सकाळच्या एसटीने गेले. वस्तू बरोबर नेली नाही, भरलेल्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसण्याचं धाडस मला झालं नाही, आणि तेच बरोबर होतं. त्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरं विकणारा मुलगा होता. सेंटर वर्षापूर्वीच बंद झालं म्हणाला. माझ्यासारखे महिन्यातून चार-पाच जण येतात, असंही म्हणाला. साइटवर पत्ता तसाच.

परतीच्या गाडीत दुसरा मेसेज आला. तक्रार बंद. वस्तू जमा झाली नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं, पुण्याच्या सेंटरला कुरियर करा. "तुम्ही पिकअप पाठवा," म्हटलं, तर तुमच्या पिनकोडला पिकअप नाही. दापोलीत दोन कुरियरवाल्यांकडे चौकशी केली. दोघांनीही नाही म्हटलं. दुसऱ्याची मुलगी माझ्याच वर्गात होती, तो म्हणाला, "बाई, तुमचं काम असूनही नाही म्हणतोय. सुटी बॅटरी आम्ही घेत नाही, आणि फुगलेली तर कोणीच घेणार नाही." तो बरोबर होता, आणि कंपनीला हे माझ्याआधी ठाऊक असायला हवं होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, हे मला कागदावर लिहून दे. त्याने पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलं, "फुगलेली लिथियम बॅटरी असल्याने पार्सल स्वीकारले नाही", तारीख घातली आणि शिक्का मारला.

हा कागद पुढे सगळ्यात उपयोगी पडला. तिसरी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला त्याच दिवशी मी 1915 ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. बिल, तिन्ही तक्रारींचे नंबर, बंद केल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, गरकन फिरणारा व्हिडिओ आणि कुरियरवाल्याचा शिक्क्याचा कागद, एवढं जोडलं. बिल मुलाच्या ईमेलमध्ये सापडलं म्हणून निभावलं. नवव्या दिवशी कंपनीच्या वरच्या माणसाचा फोन आला. व्हिडिओ नको, वस्तू नको. सीरियल नंबरशेजारी तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढा, म्हणाले. चार दिवसांत 1,799 रुपये खात्यात जमा. फोन ठेवला आणि मी सासूबाईंना ओरडून सांगितलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. रक्कम मोठी नव्हती, पण सबंध मे महिना त्यात गेला होता.

हा अनुभव आल्यावर नवी घेताना मी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी तालुक्यात किंवा निदान जिल्ह्यात कोण परत घेतं ते पाहिलं, तेही साइटवर विश्वास न ठेवता फोन करून. दापोलीतलाच एक दुकानदार निघाला. एका कंपनीचा माल वॉरंटीत असेल तर तो काउंटरवरच बदलून देतो. ऑनलाइनपेक्षा दीडशे रुपये महाग. दिले.

मग दुसरी गोष्ट, जी शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आमच्याकडे लाईट गेली की मध्ये दोन तास येते आणि पुन्हा जाते. त्या दोन तासांत पॉवर बँक किती भरते, यावर सगळं अवलंबून. जुनी 10 वॅटने भरायची. रात्रभर, नऊ-दहा तास लावावी तेव्हा भरायची. दोन तासांत पाव भाग. म्हणून मागचं 'इनपुट' वाचा. टाइप-सी आणि 18-20 वॅट असेल तर 10000 एमएएचची अडीच-तीन तासांत भरते. 20000 ची एक घेण्याऐवजी मी 10000 च्या दोन घेतल्या. दोन्ही एकाच वेळी भरता येतात, एक सासूबाईंच्या उशाशेजारच्या टेबलावर राहते, एक माझ्या पर्समध्ये, आणि एक बिघडली तर दुसरी आहे. एकीचं वजनही दोन-सव्वादोनशे ग्रॅमच, जुनी त्याच्या जवळपास दुप्पट होती. एकीत फोन दीड वेळा भरतो.

टॅबसाठी मात्र आउटपुट बघावं लागतं. माझा टॅब शाळेची माहिती भरायला लागतो, त्याची बॅटरी 8000 एमएएचची. 10 वॅटच्या आउटपुटवर टॅब चालू ठेवून काम केलं तर टक्के जेमतेम जागच्या जागी राहतात. पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीची जलद चार्जिंगची पद्धत) लिहिलेलं 20 वॅटचं आउटपुट असलं की काम करता करताही चढतात. एका पॉवर बँकेत टॅब फार तर एकदा भरतो, ही अपेक्षा ठेवूनच घ्या. केबल दोन्ही टोकांना टाइप-सीची हवी. पेटीतली जुनी वायर लावून "पॉवर बँक स्लो आहे" असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या, वायर बदलल्यावर ठीक झालं. आणि फोनवर 80 वॅट लिहिलं असेल तर तो वेग सहसा त्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जरनेच मिळतो. पॉवर बँकेकडून त्याची वाट बघू नका.

दुकानात आणखी एक केलं. मागे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, पॉवर बँकेला तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते दिसतं. काउंटरवर एक स्वस्तातलीही ठेवलेली होती, 30000 लिहिलेली आणि हाताला हलकी. तिचा क्रमांक टाकला तर काहीच आलं नाही. दुकानदारासमोरच तपासलं, त्याने ती मुकाट्याने आत ठेवली.

घरी आल्यावर सीरियल नंबर आणि मागच्या छापील मजकुरावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणजे पुसणार नाही. मुलगा विमानाने जातो, त्यालाही हेच सांगितलं आहे. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यावी लागते आणि 100 वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. 20000 एमएएच म्हणजे, 20 ला सेलच्या 3.7 व्होल्टने गुणून, 74 वॅट-अवर, त्यामुळे चालते, पण तो आकडा तपासणाऱ्याला वाचता यायला हवा.

ठेवण्याबद्दल सांगायचं राहिलंच. जुनी मी पूर्ण भरून पत्र्याखालच्या माळ्यावरच्या कपाटात ठेवायचे, तिथे एप्रिल-मेमध्ये हात लावला तरी चटका बसतो. भरलेली बॅटरी आणि उष्णता, फुगायला हे दोन्ही मिळून पुरेसं असतं. आता पावसाळा संपला की निम्मी भरून खालच्या थंड खोलीत ठेवते आणि दोन महिन्यांनी एकदा बघते. गादी-उशीखाली चार्जिंग अजिबात नाही. दमट हवेत वायर लावायच्या तोंडाला गंज धरतो, म्हणून डब्यात औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या टाकल्या आहेत. फुगलेली मात्र कचऱ्यात टाकली नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जुन्या बॅटऱ्या गोळा करणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, तो वाळूसकट डब्यातून घेऊन गेला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सातला लाईट गेली. पहाटे तीनला पंख्याचा आवाज आला तशी मी उठले, दोन्ही पॉवर बँका लावल्या आणि परत पडले. पाचला लाईट पुन्हा गेली. उठून बघितलं तर दोन्हींचे तीन दिवे भरलेले, आणि चौथा भरायचा राहिला होता.