'प्रायोगिक' या एका शब्दापायी 23 दिवस

ह्यांच्या डीबीएसच्या, म्हणजे मेंदूत तारा बसवून करंट देण्याच्या (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), ऑपरेशनला वर्ष होत आलं, तरी विमा कंपनीच्या पत्रातला तो एक शब्द आठवला की अजून संताप होतो.

ह्यांचा पार्किन्सन्स 11 वर्षांचा. गोळीचा असर दोन-अडीच तासांत उतरायचा आणि पाय जमिनीला खिळायचे. गोळी चढली की अंग नको तितकं हलायचं. तपासण्या आठवड्यात उरकल्या. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी हालचाली तपासल्या तेव्हा गुण 48 (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास), गोळी दिल्यावर 19. ऑपरेशनसाठी साधारण तीस टक्के तरी फरक लागतो, ह्यांचा दुप्पट निघाला. तारीखही मिळाली.

अडलं ते कॅशलेसला. डॉक्टरांच्या पत्रात 'अडॅप्टिव्ह डीबीएस' असं लिहिलेलं होतं. साध्या डीबीएसमध्ये छातीतली बॅटरी मेंदूतल्या तारांना दिवसभर एकसारखा करंट देते. यात त्याच तारा मेंदूतल्या बीटा लहरी टिपतात. गोळी उतरली की या लहरींचा जोर वाढतो. त्या मोजून बॅटरी करंट आपोआप कमी-जास्त करते. अमेरिकेत याला 2025 च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने, एवढंच धरलं: तंत्र नवीन, म्हणजे उपचार प्रायोगिक, पॉलिसीत बसत नाही.

क्वेरी आली, उत्तर दिलं. दोन दिवसांनी तीच क्वेरी वेगळ्या शब्दांत. फोनवर दर वेळी नवीन मुलगा, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर मी एकटीच जायचे, पण ह्यांच्या गोळीच्या वेळेआत घरी पोचायला हवं. एकदा उशीर झाला. दार उघडलं तर हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे, हातात पाण्याचा पेला, पाऊल उचलत नव्हतं. किती वेळ असे उभे होते, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. त्या रात्री मी ठरवलं, आता फोन बंद, सगळं लेखी.

पुतणीने विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, 2019 च्या मार्गदर्शक सूचना काढून दिल्या. त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी आहे आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन त्यात नावानिशी आहे. कंपनीला ते सरसकट वगळता येत नाही, रकमेची मर्यादा घालता येते. त्या ओळीवर पेन फिरवून प्रत जोडली. डॉक्टरांना विनंती करून पत्र बदलून घेतलं: ऑपरेशन पार्किन्सन्ससाठीच्या डीबीएसचं आहे, अमेरिकेत ते 2002 पासून मान्य आहे, आणि 'अडॅप्टिव्ह' ही त्याच बॅटरीची सोय असून ती नंतर प्रोग्रॅमिंग करताना चालू करायची आहे. उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करणार, असंही खाली लिहिलं. तेविसाव्या दिवशी मंजुरी आली. पॉलिसीतल्या मर्यादेमुळे विम्याच्या रकमेच्या निम्मेच मिळाले, बाकीसाठी एफडी मोडली. तुमच्या पॉलिसीत 'मॉडर्न ट्रीटमेंट'चं कलम काय म्हणतं, ते तारीख घेण्याआधी वाचा. आम्ही वाचलं नव्हतं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. तारा बसवताना हे जागे होते, डॉक्टर ह्यांना मूठ उघडा-मिटा म्हणत होते. अडॅप्टिव्ह मात्र लगेच चालू होत नाही. आधी काही महिने साध्या करंटवर गोळ्यांचा मेळ बसवला, मग डॉक्टरांनी ह्यांच्या लहरींची नोंद पाहून वरची-खालची मर्यादा ठरवली. तोवर गोळीची वेळ आणि पाय अडल्याची वेळ मी वहीत लिहीत होते. ती वही प्रत्येक भेटीला कामी आली, तुम्हीही ठेवा. आता हे सकाळी स्वतः चहा गाळतात, कप बशीत वाजत नाही.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. डीबीएस बसवल्यावर खांदा दुखला म्हणून फिजिओथेरपीला गेलात तर डायथर्मीचा शेक कधीही घेऊ नका, तारा तापून मेंदूला इजा होते. एमआरआय सांगितला तर आधी यंत्राचं कार्ड दाखवा. विमानतळावरही तेच कार्ड लागतं.

आणि बॅटरी-तारांच्या खोक्यांवरचे स्टिकर डिस्चार्जच्या आधी मागून घ्या. अंतिम बिलाला आमच्याकडे ते मागितले, आणि त्यासाठी मला पुन्हा त्याच काउंटरवर जावं लागलं.